कॅम्परची ऑनिंग: हँडल की मोटर? (इंदूर, मार्च ते जून २०२५)

३ मार्च

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० व्हीलबेस, आत मुक्काम करता येईल असा कॅम्पर केलेली. आतलं काम झालेलं आहे: मागे आडवा पलंग, त्याखाली १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी आणि ६०० व्हीएचा इन्व्हर्टर. राहिली होती ती डाव्या बाजूची ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत. दार डावीकडे, म्हणून सावलीही डावीकडेच.

आज फक्त मापं. जमिनीपासून ब्रॅकेट बसेल तिथपर्यंत २.४० मीटर. सरळ, अडथळा नसलेली लांबी ३.१० मीटर. म्हणून ऑनिंग ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर बाहेर येणारी ठरवली. याहून जास्त बाहेर काढायचा मोह आवरावा लागतो, कारण कापड ताणून धरणारे घडीचे दोन हात बंद होताना एकमेकांसमोर दुमडतात. रुंदी ही बाहेर येण्याच्या मापापेक्षा निदान ४० सेंटीमीटर जास्त नसेल तर हात एकमेकांवर आपटतात. आपल्याकडे ५० आहेत.

बंद असताना ऑनिंग जिच्यात गुंडाळून बसते ती पेटी बाजूला १३ सेंटीमीटर बाहेर राहील. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीच्या एकूण रुंदीला २.६ मीटरची मर्यादा आहे. ट्रॅव्हलरला पेटी धरूनही भरपूर जागा उरते. आरसा मात्र पेटीच्या बाहेर यायला हवा, नाहीतर अरुंद रस्त्यात झाडाची फांदी आधी पेटीलाच लागते.

७ मार्च

भाव काढले. फियामा, थुले या परदेशी कंपन्यांच्या कॅम्परसाठीच बनवलेल्या पेट्या हलक्या आणि देखण्या असतात, हँडलच्या आणि १२ व्होल्ट मोटरच्या अशा दोन्ही मिळतात. पण तीन मीटर लांबीचा खोका विमानाने किंवा जहाजाने आणायचा म्हणजे मालापेक्षा वाहतूकच बोलते. आलेला भाव स्थानिक जुळणीच्या तिपटीच्या वर गेला. ज्यांना तोच मार्ग धरायचा आहे त्यांनी ऑर्डरमध्ये गिअरचं किंवा मोटरचं टोक कोणतं, हे स्पष्ट लिहून द्यावं. युरोपात दार उजवीकडे असतं, तिथे गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की इंजिन उजव्या हाताला येतं. आपल्याकडे डाव्या बाजूला उभं राहून पाहिलं तर इंजिन डाव्या हाताला. ‘उजवं टोक’ एवढंच लिहिलं तर तिकडे ते केबिनकडे असतं, इकडे मागच्या दाराकडे.

आपण घराच्या गच्चीवर लावतात त्या ऑनिंगचे सुटे भाग घेतले. हातांची जोडी, ६३ मिलिमीटरची नळी, पुढची पट्टी, मागचा चौकोनी बार: ₹१४,८००. कापड अ‍ॅक्रिलिक, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), ८ चौरस मीटर, ₹७२० दराने ₹५,७६०. शिलाई ₹९००. हँडलचा गिअर (११:१, म्हणजे हँडलच्या ११ फेऱ्यांना नळीचा एक) ₹१,१५०, हँडल ₹६५०.

ताडपत्रीसारखं पीव्हीसी कापड निम्म्या भावात मिळत होतं. नाकारलं. ५५० जीएसएमचं साडेसात चौरस मीटर म्हणजे चार किलोच्या वर, अ‍ॅक्रिलिक सव्वादोन. शिवाय मे महिन्यात बंद पेटीत गुंडाळलेलं पीव्हीसी एकमेकांना चिकटतं आणि उघडताना चरचर आवाज करत सुटतं.

१२ मार्च

पहिली चूक. ब्रॅकेट तीन, ६ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे, लोहामंडीत कापून वाकवून आणलेले. ते बाजूच्या पत्र्यावर एम-८ च्या रिव्हेट नटांनी (पत्र्याच्या भोकात दाबून बसवायच्या नटांनी) बसवले. पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर. पुढची पट्टी हाताने दोन मीटर ओढून पाहिली तर मधल्या ब्रॅकेटभोवतीचा पत्रा डबडब करत आत-बाहेर जायला लागला.

हिशोब आधीच करायला हवा होता. पुढची पट्टी ८ किलो, ती २.४ मीटरवर. दोन हात मिळून ९ किलो, त्यांचं वजन मध्यावर १.२ मीटरला. कापड सव्वादोन किलो, तेही मध्यावर. सगळं मिळून (किलो गुणिले मीटर) साधारण ३३ इतका उलथवणारा जोर. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अंतर १२ सेंटीमीटर. म्हणजे वरच्या बोल्टांवर एकूण २७० किलोची ओढ, प्रत्येक ब्रॅकेटवर ९० किलो. हे वारा नसताना, पुढच्या पट्टीखाली जमिनीवर टेकणारे पाय न लावता. रिव्हेट नट यात काही चुकीचा नाही, त्याच्यामागचा पत्रा चुकीचा.

१५ मार्च

आतलं सिलिंग डाव्या बाजूने उघडलं. छताच्या कमानी चुंबकाने शोधल्या आणि दोन कमानींच्या मध्ये ४० × ४० × ३ चा चौकोनी पाइप आडवा टाकला. वेल्डिंग करायचं नाही. वेल्डर तयार होता, पण कमानीमागे पीयू फोम भरलेला आहे. त्याला ठिणगी लागली तर धूर आधी दिसतो आणि आग नंतर कळते. पाइपाच्या टोकांना एल आकाराच्या पट्ट्या लावून कमानींना बोल्टने जोडल्या. ब्रॅकेटचा बोल्ट आता पत्रा ओलांडून पाइपातून आरपार जातो, पाइप चेपू नये म्हणून आत नळीचा तुकडा.

बोल्ट स्टेनलेस ३०४ चे. ब्रॅकेट आणि अ‍ॅल्युमिनियमची पेटी यांच्यामध्ये १ मिलिमीटर नायलॉनचं वॉशर. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात पावसाचं पाणी साचलं की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

जुनी सहा भोकं बुजवण्यात आणि सिलिंग उघडण्यात दीड दिवस गेला. मजुरी ₹२,२००, सगळी पहिल्या चुकीची.

१९ मार्च

रंगपंचमी. गेर (रंगाची मोठी मिरवणूक), म्हणून सियागंज बाजार बंद, राजवाड्याकडे जायचा प्रश्नच नाही. इंदुरात मार्चचं काम लिहून काढताना हा दिवस कामाच्या दिवसांत धरू नये.

२२ मार्च

सीलंट, म्हणजे बोल्टांभोवतीच्या फटी बुजवायची लुकण. सिकाफ्लेक्स २२१ लावून चोवीस तासांनी पाइपाने पाणी मारलं तर दोन ठिकाणी आतून ओल. सीलंट वरून कातडीसारखं, आत अजून मऊ. ही जात हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते आणि मालव्यात मार्च-एप्रिलची दुपार अगदी कोरडी. जाड थर तर आणखी वेळ घेतो. खरवडून पुन्हा लावलं, थर ३ मिलिमीटरपेक्षा जाड नाही, कडेला ओलं फडकं अंथरून ठेवलं आणि चार दिवस हात लावला नाही. नंतरच्या पाण्यात कोरडं.

२७ मार्च

हँडलची पहिली मोजणी. कापड २.७ मीटर (दोन फेरे नळीवर कायम राहतात, ते यात नाहीत). पूर्ण बंद व्हायला नळीचे साधारण साडेबारा फेरे. ११:१ चा गिअर, म्हणजे हँडलचे १३७ फेरे. घड्याळ लावून २ मिनिटं ५० सेकंद. जोर फारसा नाही. हातांची स्प्रिंग काट्याने मोजली तर प्रत्येकी २८ किलो ओढ, नळीवर साधारण २१ न्यूटन-मीटर, आणि हँडलवर दोन किलोच्या आसपास. शाळकरी पोरगंही फिरवेल. कंटाळा मात्र येतो.

नेमक्या या कंटाळ्यामुळे मोटरचा विषय निघाला.

२ एप्रिल

सगळ्यात सोपी वाटणारी वाट आधी: गच्चीच्या ऑनिंगची २३० व्होल्टची ट्यूब मोटर. ५० न्यूटन-मीटर, मिनिटाला १२ फेरे. महाराणी रोडवर ₹६,९००. दुकानदार म्हणाला, “भिया, गाडीत इन्व्हर्टर आहे ना, मग झालं की.”

मोटर नळीत घातली, गिअर काढला. वायरिंगला चार तारा: निळी न्यूट्रल, काळी आणि तपकिरी दोन दिशांच्या, चौथी अर्थ. काळी आणि तपकिरी एकाच वेळी चालू होता कामा नये, म्हणून एक दाबलं की दुसरं दाबताच येणार नाही असा खास दुहेरी स्विच लागतो. घरातले दोन साधे स्विच शेजारी लावले तर कधीतरी दोन्ही दाबले जाणार आणि मोटरची गुंडाळी जाणार.

पहिल्यांदा १ मिनिट २ सेकंदांत बंद. दुसऱ्यांदाही. चौथ्या खेपेला अर्ध्यावर थांबली आणि हूं करत राहिली. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा, घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा नव्हे. आत कंडेन्सर असलेली मोटर त्यावर फिरते, पण तापते आणि गुरगुरते. या मोटरी मुळातच सलग चार मिनिटं चालायच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. आतला थर्मल कट-आउट (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडला की थंड व्हायला वेळ लागतो. घड्याळात १८ मिनिटं झाली तेव्हा पुन्हा हलली. तोवर ऑनिंग सव्वा मीटर बाहेर. या मोटरीला हाताने फिरवायची सोयच नव्हती.

ती अठरा मिनिटं मोकळ्या आवारात गेली, वारा नव्हता, म्हणून निभावलं.

४ एप्रिल

शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर लावला तर हे सुटतं. पण मग सावली उघडायला बॅटरी, इन्व्हर्टर, २३० व्होल्टची तार छतापर्यंत आणि पावसात भिजणारा २३० व्होल्टचा जोड, एवढी सगळी साखळी लागते. एक कडी तुटली की ऑनिंग बाहेरच अडकते. मोटर परत केली, दुकानदाराने ₹४,५०० दिले. नुकसान ₹२,४००.

१३ एप्रिल

१२ व्होल्टची ट्यूब मोटर आली. ४० न्यूटन-मीटर, मिनिटाला १० फेरे, हाताने फिरवायच्या डोळ्यासकट (वीज नसताना हँडल अडकवायची कडी). ₹१३,६००, यायला नऊ दिवस.

तार घाईत ओढली. हाताशी १.५ चौरस मिलिमीटरची होती, बॅटरीपासून मोटरपर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन १२. मोटर १५ अँपिअर ओढते तेव्हा या तारेतच दोन व्होल्ट वाया जातात. बॅटरीवर १२.९, मोटरच्या टोकाला १०.८. ऑनिंग बंद व्हायला १ मिनिट ५० सेकंद लागले आणि शेवटच्या वीतभर अंतरात, जिथे पेटी घट्ट बसवायला जोर लागतो, तिथे थांबली.

तार ६ चौरस मिलिमीटरची केली. घट अर्ध्या व्होल्टवर आली, वेळ १ मिनिट १४ सेकंद. ४ ची तारही चालली असती, तिच्यात पाऊण व्होल्ट जातो. पण तार बदलायची तर सिलिंग पुन्हा उघडणार, मग एकदाच जाड. बॅटरीच्या टोकापासून २० सेंटीमीटरवर २० अँपिअरचा फ्यूज. दिशा बदलायला ४० अँपिअरचे दोन रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारे). रॉकर स्विचवरून थेट मोटर चालवली तर स्विचचे पॉइंट काही दिवसांत चिकटतात. चिकटलेला पॉइंट म्हणजे थांबायला नकार देणारी ऑनिंग. तार, रिले, फ्यूज, स्विच मिळून ₹२,९५०.

बॅटरी संपेल ही भीती फोल आहे. एकदा उघडून एकदा बंद करायला अर्धा अँपिअर-तासही लागत नाही. अडचण साठ्यात कधीच नव्हती, तारेत होती.

१७ एप्रिल

लिमिट, म्हणजे मोटर आपोआप थांबायची जागा. मोटरच्या डोक्यावर दोन स्क्रू, एक पूर्ण उघडण्याचा, एक पूर्ण बंदचा. सकाळी दोन्ही नीट लावले. दुपारी तीनला कापड तापून सैल झालं. उघडल्यावर मध्ये झोळ, बंद केल्यावर पेटी आणि पट्टीत ८ मिलिमीटर फट. एवढ्या फटीने गाडी चालताना पट्टी खडखडते. नव्या कापडाला दोन-तीन दिवस उन्हात ताणून ठेवावं, मग लिमिट लावावं. हँडलला हा त्रास नाही. घट्ट वाटेपर्यंत फिरवलं की झालं, हाताला कळतं.

हाताने फिरवायच्या डोळ्याबद्दल. तो मोटरच्या टोकाला, पेटीखाली असतो. आपण तो कॅरिअरच्या पायाकडे तोंड करून बसवला होता, तिथे हँडलचा आकडा (हुक) जातच नाही. पेटी उतरवून मोटर ९० अंशांत फिरवावी लागली, चार तास. ज्यांनी मोटर घ्यायची त्यांनी गाडीवर चढवण्याआधी आकडा घालून, फिरवून बघावा. या डोळ्याचे फेरे मोजले: पूर्ण बंद करायला २९८. वीज गेली तरी बंद होते हे खरं, पण सहा-सात मिनिटांत.

२२ एप्रिल

वारा सेन्सर. पुढच्या पट्टीवर चिकटवायची छोटी डबी, पट्टी हलली की रेडिओने मोटरला बंद व्हायचा हुकूम. ₹२,३००. गच्चीवर ही वस्तू चांगली चालते. गाडीवर दार जोरात लावलं तरी पट्टी हलते, कोणी पलंगावर उडी मारली तरी हलते. संवेदना कमी केली तर खऱ्या वाऱ्यात उशीर.

मोठा घोटाळा पुढे. कॅम्परच्या ऑनिंगला पाय असतात. पाय जमिनीत रोवलेले असताना सेन्सरने बंदचा हुकूम दिला तर मोटर ओढत राहते. चाचणीत मुद्दाम पट्टी हलवली. उजवा पाय (२५ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम नळीत २२ ची नळी) मध्यातून वाकला, फ्यूज गेला. सेन्सर काढून ठेवला. पाय न लावता, मीटर-दीड मीटरच उघडायचं असेल तेव्हाच त्याचा उपयोग.

त्यापेक्षा कामाची गोष्ट १८० रुपयांत झाली. पेटीच्या टोकाला एक लिमिट स्विच, इग्निशनच्या तारेवर बझर. ऑनिंग पूर्ण बंद नसताना चावी फिरवली की ओरडतो. मोटर असो की हँडल, हे लावावंच.

६ मे

उतार आणि पाणी. पाणी वाहून जायला २.५ मीटरवर निदान ६० सेंटीमीटर उतार हवा. २.४० वरून निघून पुढची कड १.८० वर येते, उंच माणसाच्या कपाळाला. म्हणून एरवी २.१० वर ठेवायची आणि पावसात एकच कोपरा खाली करायचा. टँकरच्या पाइपाने पाणी सोडलं. दोन्ही पाय सारखे असताना मधोमध पाणी साचलं. चौरस मीटरभर झोळ, सरासरी दहा सेंटीमीटर खोल म्हणजे शंभर किलो. इतकं होऊ दिलं नाही, पण बादलीभर साचल्यावरच हात वाकताना दिसले. डावा पाय ३५ सेंटीमीटर खाली केल्यावर सगळं पाणी त्या कोपऱ्यातून धारेने पडलं.

दार उघडताना वरचा कोपरा कापडाला घासतो, उतार जास्त असताना तर नक्कीच. कोपऱ्यावर नायलॉनचं छोटं चाक बसवलं. ₹६०.

११ मे

जानापावच्या पायथ्याजवळच्या माळावर दिवसभर. खिशातल्या वारामापकावर साधारण २५ किलोमीटर, दुपारनंतर झोत ४६ पर्यंत. आता वाऱ्याचा हिशोब: ४० किलोमीटर वेगाला चौरस मीटरवर साधारण ७४ न्यूटन दाब. साडेसात चौरस मीटरवर ५५ किलोच्या आसपास. ६० च्या वेगाला तोच सव्वाशे किलोवर जातो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. मेच्या शेवटी संध्याकाळी धूळ घेऊन येणारी आंधी आधी सांगून येत नाही. आकाश पिवळट झाल्यापासून पहिला झोत येईपर्यंत फार तर पाच-सात मिनिटं मिळतात. ऑनिंगची खरी परीक्षा उघडताना होत नाही, या पाच मिनिटांत होते.

म्हणून घड्याळ लावून एकट्या माणसाने पूर्ण बंद करायचं. दोन दोऱ्या सोडणं, खुंट्या उपटणं, दोन्ही पाय वर सरकवून पट्टीत बसवणं: ५५ सेकंद. हे काम मोटर करत नाही. मोटरने पुढे १ मिनिट १४, एकूण २ मिनिटं ९ सेकंद. ११:१ च्या हँडलने एकूण ३ मिनिटं ४५ सेकंद.

दीड मिनिटाचा फरक मोटरच्या बाजूने. इथवर मोटर जिंकली होती.

१४ मे

हँडलचा गिअर बदलून ७:१ चा घेतला, ₹१,४००. फेरे १३७ वरून ८७. जोर तीन किलोच्या आसपास, तरी आरामात. बंद व्हायला १ मिनिट ५० सेकंद, पायांसकट एकूण २ मिनिटं ४५.

आता मोटर आणि हँडल यांच्यात उरले ३६ सेकंद. मोटर, रिले, तार मिळून ₹१६,५५०. ७:१ गिअर आणि हँडल मिळून ₹२,०५०. फरक ₹१४,५०० चा.

कॉर्डलेस ड्रिलला आकडा लावून हँडलच्या जागी फिरवायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. केली. चाळीस सेकंदांत बंद झाली आणि शेवटी ड्रिल थांबलं नाही. गिअरच्या आतली पिन कापली गेली, ११:१ चा जुना गिअर होता म्हणून फार वाईट वाटलं नाही. करायचंच असेल तर ड्रिल पहिल्या, हळू गिअरमध्ये, क्लच सर्वांत खालच्या आकड्यांपैकी एकावर, आणि शेवटचे दहा फेरे हाताने. उघडताना तर अधिक सांभाळावं. कापड संपल्यावर फिरवत राहिलं की नळीवर ते उलट्या दिशेने गुंडाळायला लागतं.

२४ मे

निर्णय. या गाडीला ७:१ चं हँडल. गाडी वापरणारी माणसं दोन, दोघं धडधाकट, मुक्काम मांडव, महेश्वर, चोरलकडचा आणि ऑनिंग दिवसभर पाय लावून उघडी. अशा वापरात मोटर ३६ सेकंद वाचवते आणि त्या बदल्यात फ्यूज, रिले, लिमिट असे नवे बिघाड आणते.

मोटर वाया गेली नाही. दुसऱ्या एका कॅम्परला लावायची आहे, साठीच्या पुढचं जोडपं. तिथे हिशोब वेगळा. त्यांना खांद्याच्या वर हात नेऊन ८७ फेरे मारणं जमत नाही. शिवाय ते रात्री दार उघडं ठेवून झोपतात, ऑनिंग पाय न लावता दीड मीटरच बाहेर असते आणि दोन वाजता थेंब पडायला लागले की पलंगावरूनच बटण दाबून बंद होते. मोटरचा खरा फायदा हाच, न भिजता बंद करता येणं. वेगाचं नाव घेऊन मोटर विकणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवं.

चार मीटरच्या वर रुंद ऑनिंगलाही मोटरच बरी. तिथे स्प्रिंग जड, कापड जास्त, आणि हँडल फिरवणाऱ्याला मधली सुरकुती दिसत नाही.

१४ जून

पहिला दमदार पाऊस. कापड टिकलं, खुंट्या टिकल्या नाहीत. मालव्याची काळी माती मेमध्ये भेगाळलेली असते, भेगेत ठोकलेली खुंटी बोटाने निघते. पाऊस पडला की तीच माती लोणी होते. १० मिलिमीटर सळईच्या ३० सेंटीमीटर खुंट्या दोन्ही वेळा निकामी. आता ४५ सेंटीमीटरच्या, स्क्रूसारखी पाती असलेल्या, हाताने पिळून घालायच्या चार आणल्या, ₹१४० ला एक. पायांखाली १२ मिलिमीटर प्लायचे ६ × ६ इंची तुकडे, नाहीतर पाय टाचेपर्यंत रुततात आणि उतार आपोआप बदलतो.

ओलं कापड गुंडाळून निघावंच लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडलं नाही तर शिवणीवर काळे ठिपके दिसायला लागतात. यावेळी तिसऱ्या दिवशी उघडलं, ठिपके आले. ब्रश आणि कोमट साबणाच्या पाण्याने बरेचसे गेले, सगळे नाही.

२९ जून

साधारण ९०० किलोमीटर झाले. ब्रॅकेटचे बोल्ट पान्ह्याने तपासले. सहापैकी दोन पाव फेरा घट्ट झाले, दोन्ही मधल्या ब्रॅकेटचे. लॉक नट लावून टाकले. पेटीभोवती प्रवासात एक बकलाचा पट्टा बांधतो, गिअर आपणहून उलटा फिरत नाही तरीही. हँडल काढून आत ठेवायचं, गाडीला लटकत ठेवायचं नाही. गाडीत सुटे ठेवलेले भाग: ७:१ चा एक जास्तीचा गिअर, हँडलच्या आकड्याची पिन, पायाची एक नळी, एम-८ चे चार बोल्ट, अर्धी ट्यूब सीलंट. अर्धी ट्यूब पुढच्या खेपेपर्यंत तोंडाशी सुकलेली असणार, म्हणून तिच्या तोंडात एक लांब स्क्रू घालून ठेवला आहे.